२१,२६९ सह्या

हवाई म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी आठवते ती चप्पल. दुसरा नंबर हनिमून पॅकेजच्या जाहिरातींचा : निळा समुद्र, गळ्यात फुलांच्या माळा वगैरे. आणि तिसरा पर्ल हार्बरचा, तोही बहुतेकांना सिनेमामुळे. पण हे हवाई एकेकाळी चक्क स्वतंत्र देश होता. त्याला राजघराणं होतं, लिखित राज्यघटना होती, कायदेमंडळ होतं, स्वतःची टपाल तिकिटं होती, परदेशांत वकील होते आणि मोठमोठ्या देशांशी केलेले तहही होते. तर मंडळी, आजची गोष्ट त्या देशाची. म्हणजे खरं तर तो गेला कसा, त्याची.

सुरुवातीलाच एका शब्दाबद्दल बोलू. इंग्रजीत अशा घटनेला एकच शब्द, ॲनेक्सेशन. मराठीत मात्र दोन आहेत आणि दोन्ही आपण शाळेत घोकलेत. डलहौसीने १८४८ साली सातारा 'खालसा' केलं. आणि स्वातंत्र्यानंतर संस्थानं भारतात 'विलीन' झाली (हैदराबादसारखे अपवाद सोडा). फरक साधा आहे. विलीनीकरणाला समोरच्याची सही लागते, खालसा करायला आपला हुकूम पुरतो. हवाईबद्दल बराच काळ सर्रास असं सांगितलं गेलं की तिथल्या लोकांनी फारशी कुरकुर न करता अमेरिकेचा झेंडा स्वीकारला. म्हणजे विलीनीकरण. ते तसं होतं का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या एका दफ्तरखान्यात ५५६ पानांमध्ये लिहून ठेवलेलं आहे.

पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

प्रशांत महासागराच्या जवळजवळ मध्यावर आठ मुख्य बेटं. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसं जास्त. कॅलिफोर्नियाचा किनारा जवळपास चार हजार किलोमीटर दूर. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तिथे पोचला, तेव्हा लोकसंख्या किती होती यावर अजून वाद आहेत. ३ लाखांपासून ८ लाखांपर्यंत अंदाज केले जातात. जहाजांबरोबर बाहेरचे रोग आले आणि माणसं पटापट मरायला लागली. शंभर-सव्वाशे वर्षांत मूळ हवाईयन माणसं उरली सुमारे ४० हजार. पुढचं सगळं राजकारण वाचताना हा आकडा डोक्यात ठेवायचा. हा देश आपली माणसं पुरत पुरत राजकारण करत होता.

कामेहामेहा पहिला याने १८१० पर्यंत सगळी बेटं एका राज्याखाली आणली. १८२० मध्ये न्यू इंग्लंडमधून मिशनरी आले. त्यांनी हवाईयन भाषेला रोमन लिपी दिली आणि शाळा काढल्या. लोकांनी वाचन-लेखन इतक्या झपाट्याने उचललं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा जगातल्या सर्वाधिक साक्षर देशांपैकी एक झाला होता. हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघून गेली, यावरून कल्पना यावी. मिशनरी आले धर्मासाठी, त्यांची मुलं-नातवंडं मात्र थांबली उसासाठी. ती आपल्या गोष्टीत थोड्या वेळाने येतीलच.

आता १८४३ सालचा एक प्रसंग, कारण पुढच्या सगळ्याची किल्ली त्यात आहे. लॉर्ड जॉर्ज पॉलेट नावाचा ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन होनोलुलुत आला, तिथल्या ब्रिटिशांच्या तक्रारी पुढे केल्या आणि तोफांच्या धाकावर देशच ताब्यात घेतला. राजा कामेहामेहा तिसरा याने लढाई केली नाही. निषेध नोंदवून ताबा दिला आणि थेट लंडनकडे दाद मागितली. पाच महिन्यांनी पॉलेटचा वरिष्ठ, ॲडमिरल थॉमस, स्वतः होनोलुलुला आला आणि ३१ जुलै १८४३ रोजी हवाईचा झेंडा पुन्हा चढवला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ब्रिटन आणि फ्रान्सने हवाईचं स्वातंत्र्य लेखी मान्य केलं. अमेरिकेनेही १८४९ मध्ये रीतसर तह केला.

यातून हवाईच्या राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो असा : खालच्या अधिकाऱ्याने दांडगाई केली तर रक्त सांडू नका, निषेध नोंदवा, कागदपत्रं नीट ठेवा आणि वरच्या साहेबाकडे जा. न्याय मिळतो. एकदा मिळाला होता ना!

म्हणून हा देश कागदावर अगदी चोख राहिला. घटना १८४० मध्येच झाली. १८४८ मध्ये जमिनीची मोठी वाटणी झाली. राजा, सरदार आणि सरकार यांच्यात जमिनी विभागून खाजगी मालकी आली. १८५० मध्ये परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायची परवानगी मिळाली. सामान्य शेतकऱ्याने आपला तुकडा मोजून, साक्षीदार आणून, नोंदवून घ्यायचा होता. ज्याच्या बापजाद्यांनी जमीन 'विकत' घेण्याची कल्पनाच कधी केली नव्हती तो कसली मोजणी करणार! शेवटी सामान्य लोकांच्या हातात एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी आली. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग ऊस. १८७५ मध्ये राजा कालाकाउआ याने अमेरिकेशी व्यापारी तह केला. हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाणार. पुढच्या पंधरा वर्षांत साखरेची निर्यात जवळपास दहापट वाढली. पैसा आला, पण देशाच्या सगळ्या अर्थव्यवस्थेला एकच गिऱ्हाईक उरलं. कुठलीही छोटी कंपनी एकाच क्लायंटवर चालायला लागली की काय होतं, ते आपल्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहे. क्लायंट म्हणेल ती पूर्व दिशा. तहाच्या नूतनीकरणाच्या वेळी, १८८७ मध्ये, अमेरिकेने पर्ल हार्बर वापरण्याचा एकट्याचा हक्क मागून घेतला.

कालाकाउआ हा मोठा रंगेल आणि उमदा माणूस. १८८१ मध्ये तो जगप्रदक्षिणेला निघाला. जपान, चीन, सयाम करत भारतात आला. कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईला आणि तिथून बोटीने पुढे इजिप्तकडे. उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळवणं हा दौऱ्याचा एक हेतू होता, आणि आपलाही देश इतर देशांच्या बरोबरीचा आहे हे जगाला दाखवणं हा दुसरा. जपानच्या सम्राटापुढे त्याने आशियातल्या देशांच्या संघाची कल्पना मांडली, आपल्या भाचीचं, काइउलानीचं, स्थळही सुचवलं. दोन्हींना नकार आला. न्यूयॉर्कला तो एडिसनला भेटला, आणि त्याच्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे लागले ते व्हाइट हाउसच्या चार वर्षं आधी! आणि हे म्हणे 'मागासलेले' लोक.

कालाकाउआच्या कारभारात सगळं आलबेल होतं असं नाही. कर्ज होतं, उधळपट्टी होती, अफूच्या परवान्यात लाच घेतल्याचं प्रकरणही गाजलं. त्याचाच फायदा घेऊन १८८७ च्या जुलैत गोऱ्या मळेवाल्यांच्या आणि वकिलांच्या गटाने 'होनोलुलु रायफल्स' ही बंदूकधारी पलटण पाठीशी घेऊन राजाकडून नव्या घटनेवर सही करून घेतली. लोकांनी तिचं नावच ठेवलं 'बेयोनेट कॉन्स्टिट्यूशन', म्हणजे संगिनीची घटना. राजाचे अधिकार काढले. वरच्या सभागृहाच्या मतदारासाठी ६०० डॉलर वार्षिक उत्पन्न किंवा ३,००० डॉलरची मालमत्ता अशी अट घातली, म्हणजे बहुतेक हवाईयन बाहेर. चिनी आणि जपानी मजुरांना मतच नाही. उलट अमेरिकन आणि युरोपियन रहिवाशांना देशाचं नागरिकत्व न घेतासुद्धा मत! या सगळ्यात पुढे होता लॉरिन थर्स्टन नावाचा तिशीच्या आतला वकील. मिशनऱ्यांचा नातू. सांगितलं होतं ना, येतील म्हणून :)

१८९० मध्ये अमेरिकेने जकातीचा नवा कायदा केला. सगळ्याच देशांची कच्ची साखर बिनजकात, आणि देशी साखरेला पौंडामागे २ सेंट अनुदान. एका फटक्यात हवाईच्या मळेवाल्यांची सवलत निकालात निघाली. त्यावरचा उपाय उघड होता. आपणच 'देशी' व्हायचं. अर्थात सगळेच मळेवाले काही विलीनीकरणाच्या बाजूचे नव्हते. अमेरिकेचे कायदे आले तर करारावर आणलेल्या आशियाई मजुरांचं काय, ही भीती होती. पण थर्स्टनच्या गटाला आता दिशा मिळाली.

कालाकाउआ जानेवारी १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. शिकलेली, कवयित्री, संगीतकार, आणि भावापेक्षा बरीच खमकी. संगिनीची घटना बदला, अशा लोकांच्या अर्जांचा तिच्याकडे ढीग लागला होता. १४ जानेवारी १८९३ ला ती नवी घटना जाहीर करणार होती. मंत्र्यांनी ऐनवेळी पाय मागे घेतल्याने तिने ते पुढे ढकललं. पण विरोधकांना निमित्त पुरे होतं. १३ जणांची 'कमिटी ऑफ सेफ्टी' बनली. १६ तारखेला अमेरिकेचा वकील जॉन स्टीव्हन्स याने बंदरातल्या 'बोस्टन' युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरवले. कारण काय, तर अमेरिकन नागरिकांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण. पण त्यांनी तळ ठोकला तो सरकारी कचेरी आणि राजवाड्याच्या जवळ. १७ तारखेला कमिटीने राजेशाही संपल्याचं जाहीर केलं, सॅनफर्ड डोल हंगामी सरकारचा प्रमुख झाला (हा मिशनऱ्यांचा मुलगा. सुपरमार्केटमध्ये डोलच्या अननसाचा डबा दिसतो ना, त्या कंपनीचा संस्थापक याच्याच नात्यातला) आणि स्टीव्हन्सने त्या सरकारला लगेच मान्यता दिली. पोलीस ठाणं आणि बराकी तेव्हा अजून राणीच्याच ताब्यात होत्या.

इथे राणीने काय केलं पाहा. तिने लेखी दिलं की मी सत्ता सोडते आहे ती या बंडखोरांकडे नाही, तर अमेरिकेच्या बळापुढे, रक्तपात टाळण्यासाठी, आणि अमेरिकेचं सरकार वस्तुस्थिती पाहून आपल्या वकिलाचं कृत्य रद्द करेपर्यंत. ओळखीचं वाटतंय? हा १८४३ चाच नमुना. पॉलेटच्या जागी स्टीव्हन्स, लंडनच्या जागी वॉशिंग्टन. आज आपल्याला ते भाबडेपणाचं वाटेल. पण तिच्या जागी बसून बघा : कुमक कुठूनही येणार नाही, एकेक माणूस मोलाचा, आणि हाच मार्ग पन्नास वर्षांपूर्वी यशस्वी झालेला.

आणि गंमत म्हणजे तो याही वेळी जवळजवळ यशस्वी झाला. मावळते राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी विलीनीकरणाचा तह घाईने सिनेटकडे पाठवला होता. मार्चमध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंड आले आणि पाचव्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. चौकशीसाठी जेम्स ब्लाउंटना पाठवलं. ब्लाउंटनी होनोलुलुत आल्या आल्या सरकारी इमारतीवर फडकणारा अमेरिकन झेंडा उतरवला आणि पुढे अहवाल दिला की स्टीव्हन्स आणि ते सैनिक नसते तर हे बंड होऊच शकलं नसतं. १८ डिसेंबर १८९३ ला क्लीव्हलंड यांनी काँग्रेसला सांगितलं की एका दुबळ्या पण मित्र असलेल्या देशाचं सरकार अमेरिकेच्या प्रतिनिधीच्या सहभागाने उलथवलं गेलं, ही युद्धाचीच कृती होती आणि तिला काँग्रेसची परवानगी नव्हती. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या देशाबद्दल हे बोलतोय, तेही घटनेच्या अकरा महिन्यांत!

मग राणी परत गादीवर का नाही बसली? कारण वरचा साहेब बोलला खरा, पण हात उचलायला तयार नव्हता. डोलला सत्ता सोडायला सांगितलं, त्याने नाही म्हटलं, संपलं. सिनेटच्या समितीने दुसरा अहवाल आणला, त्यात राणी सोडून बाकी जवळपास सगळे निर्दोष. डोलच्या गटाने ४ जुलै १८९४ ला 'रिपब्लिक ऑफ हवाई' जाहीर केलं (तारीखसुद्धा कशी निवडली बघा) आणि वॉशिंग्टनमधलं वारं बदलायची वाट पाहत बसले. जानेवारी १८९५ मध्ये राजनिष्ठांचा उठाव फसला. राणीला अटक झाली, राज्यत्यागावर सही घेतली गेली, लष्करी न्यायालयापुढे खटला चालला आणि पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सक्तमजुरी प्रत्यक्षात दिली नाही. सुमारे आठ महिने तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडून ठेवलं. तिथे बसून तिने गोधडी शिवली आणि गाणी लिहिली. ती गोधडी आजही त्या राजवाड्यात आहे.

आता येऊ त्या ५५६ पानांकडे.

१८९७ मध्ये मॅकिन्ली राष्ट्राध्यक्ष झाले आणि जूनमध्ये विलीनीकरणाचा नवा तह झाला. सही करणारे दोन पक्ष कोण? अमेरिका आणि डोलचं सरकार. ज्यांचा देश जाणार होता त्यांना कुणी विचारलंच नाही. सार्वमत घ्या, ही मागणी झाली होती, पण निकाल काय लागेल हे डोलच्या मंडळींना पक्कं माहीत होतं. तेव्हा 'हुई आलोहा आयना' या देशप्रेमी संघटनेने ठरवलं, तुम्ही विचारत नाही ना, मग आम्हीच सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बेटाबेटांवर सभा झाल्या. छापील अर्ज फिरले, मजकूर हवाईयन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. अर्जाचं हवाईयन शीर्षक सांगतं : 'होओहुई आयना'ला विरोध. हा त्यांचा ॲनेक्सेशनसाठीचा शब्द. आयना म्हणजे जमीन आणि होओहुई म्हणजे जोडणं. जमीन जोडणं. त्यात माणसं जोडण्याचा उल्लेखच नाही!

पुरुषांची पानं वेगळी, बायकांची वेगळी. नाव आणि वय. बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, पण जवळपास निम्म्या सह्या त्यांच्या आहेत. त्यांची स्वतंत्र शाखाच होती. एकूण सह्या २१,२६९. त्या वेळच्या खानेसुमारीत हवाईयन आणि मिश्रवंशीय मिळून माणसं किती? सुमारे ३९ हजार, तान्ह्या पोरांसकट. म्हणजे निम्म्याहून जास्त समाजाने नाव लिहून सांगितलं की आम्हाला हे नको. कुणी सार्वमत घेतलं नाही, तर लोकांनी आपल्यापुरतं ते घेऊन टाकलं.

चार प्रतिनिधी हा गठ्ठा घेऊन डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला पोचले. राणी तिथे आधीपासून होती. दुसऱ्या एका संघटनेचाही अर्ज बरोबर होता, त्यात सुमारे १७ हजार सह्या आणि राजेशाही परत आणण्याची मागणी. दोन अर्जांत दोन सूर दिसू नयेत म्हणून त्यांनी एकच पुढे करायचं ठरवलं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉर्ज होअर यांनी तो सिनेटमध्ये मांडला. मग हे चौघे एकेका सिनेटरच्या दारात जाऊन बोलत राहिले. सिनेटमध्ये ९० जागा, तहाला दोन तृतीयांश म्हणजे ६० मतं हवीत. फेब्रुवारी १८९८ च्या अखेरीस ते परत निघाले तेव्हा तहाच्या बाजूला फक्त ४६ उरले होते. तह पडला होता!

हे सगळं श्रेय अर्जाचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या बीटपासून साखर काढणाऱ्यांना स्पर्धा नको होती. काही सिनेटर साम्राज्याच्या कल्पनेच्याच विरोधात होते. आणि काहींना बेटं चालली असती, फक्त त्यांवरची सावळी माणसं नागरिक म्हणून नको होती. पण 'तिथल्या लोकांचीच इच्छा आहे' हा तहाच्या बाजूचा सगळ्यात सोज्ज्वळ मुद्दा त्या ५५६ पानांनी काढून घेतला.

आणि इथे नशीब फिरलं. १५ फेब्रुवारीला हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध. १ मे ला मनिलाच्या उपसागरात अमेरिकन आरमार जिंकलं. आता फिलिपिन्सच्या वाटेवर कोळसा भरायला ठिकाण हवं, म्हणून हवाई एकदम 'लष्करी गरज' झालं. तहाला दोन तृतीयांश मिळायची खात्री अजूनही नव्हती. मग काय केलं? तहच सोडून दिला. त्याऐवजी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणला, त्याला साधं बहुमत पुरतं. आपल्या भाषेत, कंडिशन पास होईना म्हणून फंक्शनच दुसरं कॉल केलं. कनिष्ठ सभागृहात २०९ विरुद्ध ९१, सिनेटमध्ये ६ जुलैला ४२ विरुद्ध २१, आणि ७ जुलै १८९८ ला मॅकिन्लींची सही.

हिशेबी वाचकांच्या लक्षात आलं असेल की ४२ हे ६३ च्या बरोबर दोन तृतीयांश आहेत. खरं आहे. पण तो आकडा युद्धाच्या धुंदीतला आणि बरेच सिनेटर गैरहजर असतानाचा. शिवाय मूळ प्रश्न आकड्याचा नाहीच. तह हा दोन पक्षांत होतो. ठराव हा एका देशाच्या संसदेने आपल्यापुरता केलेला कायदा. आपल्या संसदेने उद्या श्रीलंका आपली असा ठराव केला तर ती आपली होते का? हा आक्षेप तेव्हा सिनेटच्या चर्चेतही जोरात घेतला गेला होता. टेक्सासचं उदाहरण दिलं गेलं, तिथे १८४५ मध्ये ठरावच झाला होता. पण टेक्सासच्या मतदारांनी स्वतः होकार दिला होता आणि ते थेट राज्य म्हणून आत आलं. हवाईला यातलं काहीच मिळालं नाही.

१२ ऑगस्टला इओलानी राजवाड्यासमोर समारंभ झाला. हवाईचा झेंडा उतरला, अमेरिकेचा चढला. राणी आणि तिचे लोक घरी बसून राहिले.

पुढची गोष्ट थोडक्यात. राजाची आणि सरकारची मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन अमेरिकेकडे गेली, मोबदला न देता. राणीने आपल्या जमिनीसाठी दावा लावला, तो १९१० मध्ये फेटाळला गेला. ती १९१७ मध्ये वारली. डोलच्या सरकारने १८९६ मध्येच शाळांत इंग्रजी सक्तीची केली होती. शंभर वर्तमानपत्रांची ती भाषा एवढी खचली की १९८० च्या दशकात ती बोलणारी लहान मुलं पन्नाससुद्धा उरली नव्हती. मग काही पालक-शिक्षकांनी हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या काढल्या आणि ती पुन्हा मुलांच्या तोंडी यायला लागली.

"पण १९५९ मध्ये मतदान झालं की," असं कुणी म्हणेल. झालं, आणि सुमारे ९४ टक्के लोकांनी राज्य होण्याच्या बाजूने मत दिलं. पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : राज्य व्हा, नाहीतर आहे तसा अंकित प्रदेश राहा. स्वातंत्र्य हा पर्यायच नव्हता, आणि तोपर्यंत मूळ हवाईयन आपल्याच घरात अल्पसंख्य झाले होते. "अमेरिकेने नसतं घेतलं तर जपानने घेतलं असतं," हा दुसरा युक्तिवाद. कदाचित. १८९७ मध्ये स्थलांतरितांच्या वादावरून जपानने होनोलुलुत युद्धनौका पाठवली होती, हे खरं. पण शेजारचा चोर आहे म्हणून आपण घर फोडावं, याला संरक्षण म्हणत नाहीत.

१९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकेच्या काँग्रेसने माफी मागितली आणि क्लिंटन यांनी सही केली. त्यात स्पष्ट लिहिलंय की हवाईयन लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क कधीही थेटपणे सोडला नाही. ही माफी कुठल्या स्वरूपात होती, माहितेय? संयुक्त ठराव! अगदी १८९८ सारखाच. मात्र त्या जमिनींचा वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालय म्हणालं की या माफीने जमिनीच्या मालकीत काही फरक पडत नाही. एकाच जातीचे दोन कागद. एकाने देश घेता आला, दुसऱ्याने एक एकरही देता येत नाही.

आणि तो अर्ज? तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात पडून राहिला, इतका की हवाईतल्याही बहुतेकांना असं काही होतं याचा पत्ता नव्हता. १९९६ मध्ये नोएनोए सिल्वा या हवाईयन अभ्यासक महिलेने तो शोधून काढला. तिला हवाईयन वाचता येत होतं, हे महत्त्वाचं. तोवरचा बराचसा इतिहास फक्त इंग्रजी कागदांवरून लिहिला गेला होता, आणि इंग्रजी कागद अर्थातच जिंकलेल्यांचे होते.

तेव्हा माझ्यापुरता शब्दाचा निकाल लागला आहे. हवाई विलीन झालं नाही, खालसा झालं. सही घेतली गेली नाही एवढंच नाही, तर नकाराची सही दिली गेली होती आणि ती बाजूला सारली गेली. राणीने आणि तिच्या लोकांनी कागदांवर जो विश्वास टाकला त्याने देश वाचला नाही, हे कबूल करायला हवं. पण शंभर वर्षं 'लोकांना चालत होतं' म्हणून जे ठोकून सांगितलं जात होतं ते आज कुणाला सांगता येत नाही, तेही याच कागदांमुळे.

१८९८ ला शंभर वर्षं झाली तेव्हा होनोलुलुच्या बिशप म्युझियममध्ये त्या पानांच्या प्रती लोकांसाठी मांडल्या होत्या. लोक येत, गावाचं नाव शोधत, मग बोट खाली खाली नेत जात. तिथे कुणाचे पणजोबा सापडत, कुणाची खापरपणजी. नाव, आणि पुढे वय. घरात कधी कुणी बोललं नव्हतं, पण तिने नाही म्हटलं होतं.